मागच्या भिंतीपाशी जोलीन

आमच्या वॉशिंग्टनात पुस्तक मागून वाचतात. दुपारच्या सुट्टीत एखादा सूटबूटवाला माझ्या दुकानात येतो, टेबलावरचं नवं आत्मचरित्र उचलतो, थेट शेवटची पानं उघडतो आणि नावांच्या सूचीवरून बोट फिरवत स्वतःचं नाव शोधतो. सापडलं तर तेवढंच पान काढून वाचतो, गालात हसतो नाहीतर पांढराफटक पडतो. नाही सापडलं तर पुस्तक आपटतो. विकत मात्र कुणी घेत नाही. कॅपिटॉलच्या मागच्या गल्लीत मी, विनिफ्रेड टकर, अर्धं आयुष्य हे पुस्तकांचं दुकान चालवलं. माझ्याकडच्या आत्मचरित्रांची शेवटची पानं बोटांनी मळून काळी झालेली असतात आणि पहिलं पान कोरं करकरीत. एकदा मी तिथे एक खुर्ची ठेवली, म्हटलं बसले तर निदान वाचतील. तर लोक बसून सूची वाचायला लागले. खुर्ची उचलून मी आत नेली.

या सगळ्यावर जिने औषध काढलं ती जोलीन पार्डी. धंद्याने साहित्य-एजंट. म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकांच्या गळ्यात मारायचं आणि आपला वाटा घ्यायचा. पण ही बाई मुळात प्रचारातली. नॉर्थ डकोटाचे सिनेटर एमेट सॉल्बर्ग यांच्या हाताखाली तिने ऐन तारुण्याची वर्षं घालवली. त्यांचं जाकीट सांभाळायचं, त्यांना वेळेवर खायला घालायचं, भाषण लिहायचं, गर्दीतल्या माणसाचं नाव त्यांच्या कानात सांगायचं, सगळं तिच्याकडे. सॉल्बर्ग एकदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, आयोवा राज्यातल्या पहिल्याच फेरीत चीतपट झाले. पण त्या रात्री त्यांनी पराभव इतक्या देखणेपणाने स्वीकारला, की जिंकणाऱ्याचं भाषण आज कुणाला आठवत नाही आणि सॉल्बर्ग यांच्या हरण्याची आठवण मात्र लोक अजून काढतात.

त्यानंतर जोलीन एजंट झाली. आमच्याकडे हरलेल्या माणसाला आधी वकील लागतो आणि मग पुस्तक. ही पुस्तकं बहुतेक 'नाचता येईना अंगण वाकडं' याच एका विषयावर असतात, आणि अंगण दर वेळी वेगळ्या माणसाने वाकडं केलेलं असतं. अशा माणसांचा तोटा या गावात कधी पडला नाही, त्यामुळे जोलीनचं बरं चाललं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तिच्याकडे बघून पटतं. पुस्तक विकायला काढलं की ती प्रकाशकांची मतं मोजायला बसे. "न्यूयॉर्कचे दोघं आपल्याकडे आहेत, विनी. बॉस्टनचा अजून कुंपणावर बसलाय, त्याच्या बायकोला गाठते." समीक्षकांना ती अनिश्चित मतदार म्हणायची. लेखकाचं पुस्तक आपटलं की त्याच्या घरी डोनट घेऊन जायची आणि सांगायची, "तुम्ही लढलात, हेच मोठं." एका कवीला तिने उमेदवारासारखे गर्दीतल्या लहान मुलांचे मुके घ्यायला लावले होते. त्या कवितासंग्रहाच्या सात प्रती खपल्या आणि कवीला सर्दी झाली.

आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे इशारे. दुकानात तिच्या लेखकाचं वाचन असलं की ती कधी खुर्चीवर बसत नसे. मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. कानाची पाळी ओढली म्हणजे हळू बोला. कॉलर नीट केली म्हणजे हसा. चष्मा कपाळावर चढवला म्हणजे आता एखादा किस्सा येऊ द्या. हवेत बोट गोल फिरवलं म्हणजे आवरा. सिनेटरबरोबर बसवलेली ही भाषा ती बिचाऱ्या लेखकांवर वापरायची. त्यांना काही कळायचं नाही. एका निवृत्त जनरलला वाटलं बाईच्या कानात काहीतरी गेलंय. त्याने वाचन थांबवून डॉक्टर बोलावला.

तर औषध. एके दिवशी ती म्हणाली, "विनी, माझ्या पुस्तकांना यापुढे सूचीच नको. ज्याला आपलं नाव हवंय त्याने पुस्तक विकत घ्यावं आणि रात्रभर शोधत बसावं." गावात बोंबाबोंब झाली. पण पुस्तकं खपायला लागली. नाव असेल या आशेने घेणारे, नसावं या भीतीने घेणारे, दोघांचे डॉलर माझ्या गल्ल्यात सारखेच वाजले. मी जोलीनला केक खिलवला.

मग मागच्या वर्षी सॉल्बर्ग यांनी पुस्तक लिहिलं.

ऐंशी उलटलेले. बायको गेलेली, फार्गोजवळच्या घरात एकटेच. बाकीचे पुढारी आपलं आत्मचरित्र दुसऱ्याकडून लिहून घेतात आणि छापून आलं की स्वतःही वाचत नाहीत. यांनी मात्र स्वतःच्या हाताने लिहिलं. ते घ्यायला कुणी तयार होईना. शिव्या नाहीत, गौप्यस्फोट नाहीत, सज्जन माणूस कुणाला विकायचा? जोलीन दारोदार हिंडली. प्रचारातसुद्धा तिने इतके उंबरे झिजवले नसतील. शेवटी एका विद्यापीठाचं छोटं प्रकाशन तयार झालं. ते म्हणाले, आमच्या पुस्तकाला सूची असतेच. जोलीन म्हणाली, माझ्या पुस्तकाला नसतेच. तिने भांडून सूची गाळायला लावली.

"तू वाचलंस का गं?" मी तिला विचारलं.

"पहिलं प्रकरण वाचलं. विकायला तेवढं पुरतं."

"आणि उरलेलं?"

ती उगाच टेबलावरची पुस्तकं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "हसशील तू."

"हसेनच. पण सांग."

"इतकी वर्षं मी बघतेय, लोक तुझ्या दुकानात येऊन उभ्याउभ्या आपलं नाव शोधतात. मला पण एकदा तसं शोधायचंय, विनी. छापून आल्यावर, इथेच उभं राहून. आधी वाचलं तर त्यात काय मजा?"

मी हसले नाही. ज्या माणसासाठी उमेदीची वर्षं दिली, त्याच्या हिशेबी आपण कुठे होतो, एवढंच तिला बघायचं होतं. सगळ्या गावाची पुस्तकं विकणाऱ्या बाईची एवढी एकच हौस होती.

मार्चमध्ये पुस्तकांचं खोकं आलं. मी चिकटपट्टी कापेपर्यंत जोलीनला दम निघाला नाही. तिने वरची प्रत उचलली आणि हात आपोआप मागे गेला. शेवटचं पान. तिथे छापखान्याचं नाव होतं आणि पुढे पुठ्ठा.

ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग मला हसू आवरेना. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी खुर्चीला धरून हसले, तीसुद्धा हसली. म्हणाली, "आता मलाही रात्रभर शोधत बसावं लागणार. विकत पण घ्यावं लागणार का?"

"अर्थात. उधारी नाही."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. कोट काढला नाही, कॉफी घेतली नाही.

"नाहीये," ती म्हणाली.

"काय नाही?"

"मी. मी नाहीये पुस्तकात. रात्रभर चाळलं. पटलं नाही म्हणून सकाळी प्रकाशकाकडून कॉम्प्युटरवरची प्रत मागवली आणि शोधलं. जोलीन, नाही. पार्डी, नाही. न्हावी आहे, विनी. त्यांचा न्हावी आहे! कुत्रा आहे. बिस्किट नावाचा कुत्रा पानोपानी आहे. त्या कुत्र्याला मी फिरवायचे!"

"अगं, चुकून राहिलं असेल."

"एवढी वर्षं चुकून राहतात?" ती दाराकडे वळली. "गुरुवारी त्यांचं वाचन आहे ना इथे? तू बघ सगळं. मी येणार नाही."

"असं काय करतेस? तू नसलीस तर ते..."

"त्यांच्या न्हाव्याला बोलाव," जोलीन म्हणाली आणि गेली.

मग मी ते पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून, ओळीने. आमच्या गल्लीत असं करणारी मी एकटीच असेन. पुस्तक चांगलं होतं आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढला. बर्फात अडकलेली गाडी होती, शाळांच्या जेवणघरातल्या सभा होत्या, आयोवाची ती रात्र होती. आणि सगळीकडे हा माणूस एकटा. गाडी एकट्याने ढकलली, भाषण आपोआप लिहिलं गेलं, सँडविच आभाळातून पडलं. मी ठरवलं, म्हातारा असो की सिनेटर असो, आल्यावर चार शब्द सुनवायचेच.

गुरुवारी ते वेळेच्या बरेच आधी आले. उंच, वाळलेले, काठी टेकत. कोट जुना पण इस्त्रीचा, कॉलर मात्र एका बाजूने वर उभी राहिलेली. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं.

"पोरगी कुठाय?"

पोरगी साठीला आलीय, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

"येणार नाही म्हणाली," मी म्हटलं. "आणि का येईल? सिनेटर, तुमच्या पुस्तकात कुत्र्याचं नाव आहे आणि तिचं नाही. लाज वाटायला हवी तुम्हाला."

मी आणखीही बोलले. सगळं इथे सांगत नाही. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. राग आला नाही त्यांना. घाबरल्यासारखे दिसले.

"पण तिनेच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"काय सांगितलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. आमच्या बिस्मार्क गावातल्या ऑफिसात आली, कोटसुद्धा काढला नव्हता. म्हणाली, सिनेटर, माझा एकच नियम आहे. हाताखालचं माणूस फोटोत दिसता कामा नये. ज्या दिवशी माझं नाव छापून येईल त्या दिवशी समजा मी कामात चुकले. त्या दिवशी मी राजीनामा देईन." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकदा एका पेपरवाल्याने तिचं नाव छापलं. पोरीने खरंच राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. माझ्या बायकोने तिच्या घरी जाऊन तिला परत आणली."

"अहो, पण ते तेव्हाचं! प्रचारातलं! ते आता कोण धरून बसतं?"

"प्रकरण लिहिलं होतं मी तिच्यावर. सगळ्यात मोठं तेच झालं होतं. मग काढून टाकलं." त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, छापलं तर ती मला सोडून जाईल. आता तिला परत आणायला घरात दुसरं कोण आहे?"

दोघंही शहाणी माणसं. दोघांनी मिळून एक नियम इतका पाळला, की एक रुसून घरी बसली आणि दुसरा भिऊन गप्प. मी आत जाऊन ती जुनी खुर्ची आणली आणि त्यांना बसवलं. जोलीनला फोन लावला. तिने उचलला नाही.

संध्याकाळी माणसं बरी जमली. जुने सहकारी, पेपरवाले, समोरच्या ऑफिसातली पोरं. जो तो आला की पुस्तक उचलायचा, मागचं पान उघडायचा, वैतागायचा आणि नाइलाजाने गल्ल्यापाशी यायचा. मी मनातल्या मनात जोलीनचे आभार मानले.

सिनेटर उभे राहिले. पुस्तक उघडलं, एक परिच्छेद वाचला. मग डोळे वर केले आणि मागच्या भिंतीकडे बघितलं. भिंत रिकामी. त्यांनी पुन्हा खाली बघितलं, तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वर बघितलं. तीच ओळ तिसऱ्यांदा सुरू केली. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. एका पेपरवाल्याने शेजाऱ्याला कोपर मारलं आणि ते मला दिसलं. मला वाटलं आपणच पुढे जाऊन पाणी द्यावं, काहीतरी करावं.

तेवढ्यात पाककृतींच्या कपाटामागून एक कोट बाहेर आला.

आता मला सांगा, जी बाई येणार नाही म्हणाली ती सगळ्यांच्या आधी येऊन सूपच्या पुस्तकांमागे कशाला उभी होती? पण प्रचारातली माणसं अशीच. भांडण झालं तरी सभेची जागा आधी येऊन बघून ठेवतात. जोलीन मागच्या भिंतीपाशी गेली, पाठ टेकली आणि कानाची पाळी ओढली. हळू.

सिनेटरनी श्वास सोडला.

तिने कॉलर नीट केली. ते हसले. आणि त्याबरोबर त्यांचा हात आपल्या कॉलरकडे गेला आणि ती वर उभी राहिलेली बाजू खाली बसली. तिने चष्मा कपाळावर चढवला. त्यांनी पुस्तक मिटलं.

"एक किस्सा सांगतो," ते म्हणाले. आवाज आता दुकानभर पोचत होता. "आयोवाचा. तुम्ही सगळे मला त्या रात्रीसाठी ओळखता. सॉल्बर्ग हरला, पण किती ऐटीत हरला. निकाल आला तेव्हा मी एका शाळेच्या जेवणघरात होतो. खिशात दोन भाषणं होती. एक जिंकल्याचं, एक हरल्याचं. मी दोन्ही वाचणार नव्हतो. मी मागच्या दाराने गाडीत बसून घरी जाणार होतो."

जोलीनने चष्मा खाली घेतला. हा किस्सा तिच्या ओळखीचा नव्हता, किंवा फारच ओळखीचा होता. तिचं बोट हवेत वर झालं.

"दाराजवळ स्वयंपाकघर होतं. आतून रडण्याचा आवाज आला. भांडी घासायच्या टाकीला धरून एक मुलगी हमसून हमसून रडत होती. माझ्याहून जास्त. मी तिला दिसलो नाही. मग तिने नळाखाली तोंड धुतलं, बाहेर गेली आणि हॉलच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली."

जोलीनचं बोट गोल फिरायला लागलं. आवरा.

"मग मला कसं जाता येईल? मी मंचावर गेलो. तिचे डोळे सुजून लाल झाले होते. आणि त्या डोळ्यांनी ती मला कॉलर नीट करून दाखवत होती. हसा, म्हणत होती. म्हणून मी हसलो."

बोट जोरात फिरत होतं. आवरा, आवरा, आवरा. दोन-चार लोक मागे वळून बघायला लागले. सिनेटरनी तो इशारा बघितला. मी शपथेवर सांगते, नीट बघितला. इतक्या वर्षांत हा माणूस त्या बोटाच्या पुढे एक वाक्य बोलला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी पेपरांनी लिहिलं, सॉल्बर्ग यांचा मोठेपणा. तो मोठेपणा माझा नव्हता. तो मागच्या भिंतीपाशी उभा होता. आत्ताही उभा आहे, तिथे, सूपच्या पुस्तकांशेजारी, आणि मला गप्प बस म्हणतोय. तिचं नाव जोलीन पार्डी. पेपरवाल्यांनो, लिहून घ्या. पी ए आर डी वाय."

सगळं दुकान मागे वळलं. जोलीनचं बोट हवेतच थांबलं. ते कुठे ठेवावं ते तिला कळेना, म्हणून तिने ते कानाच्या पाळीला लावलं, मग कॉलरला, मग चष्मा वर केला आणि तिथेच हात डोळ्यांवर धरून उभी राहिली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू, रडत वाजवल्या.

लोक पांगल्यावर मी खुर्च्या गोळा करत होते. ती दोघं दाराजवळ होती.

"वेळेच्या बाहेर गेलात, सिनेटर," जोलीन म्हणाली. नाक लाल झालेलं. "मी इशारा करत होते."

"बघितला."

"मग?"

"मग काही नाही. बोललो." त्यांनी टोपी हातात फिरवली. "नाव छापून येणार आता. त्या पेपरवाल्या पोराने लिहून घेतलं. मी बघितलं." मग एखाद्या धाकट्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "राजीनामा देणार का गं?"

जोलीनने पुढे होऊन त्यांची कॉलर पुन्हा नीट केली, ती तर नीटच होती. मग मफलर गळ्याभोवती गुंडाळला, काठी हातात दिली.

"आधी तुम्हाला हॉटेलवर सोडते," ती म्हणाली. "मग बघू."